टॅरो वाचनातील अंतःप्रज्ञा

टॅरो वाचन म्हणजे ७८ चित्रपत्त्यांच्या संचातून काही पत्ते काढून, त्यांवरील चित्रांच्या आधारे प्रश्नकर्त्याच्या परिस्थितीविषयी भाष्य करण्याची पद्धत होय. ती दोन प्रकारे शिकली जाते. पहिल्या प्रकारात प्रत्येक पत्त्याचा ठरलेला अर्थ पाठ केला जातो. दुसऱ्या प्रकारात पत्ता पाहताच वाचणाऱ्याच्या मनात जे उमटते त्याला प्राधान्य असते. बोलीभाषेत ज्याला ‘आतून वाटणे’ म्हणतात त्या अंतःप्रज्ञेवर आधारलेला हा दुसरा प्रकार मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. तो पुरातन असल्याचे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात ज्या चित्रांमुळे तो सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला ती चित्रे १९०९ साली लंडनमध्ये काढली गेली. पत्त्यांवरून भविष्य कळते याला शास्त्रीय आधार नाही.

पत्त्यांचा संच

संचाचे दोन भाग असतात. ‘मेजर आर्काना’ या भागात मूर्ख, जादूगार, सम्राज्ञी, मृत्यू, चंद्र, सूर्य, जग अशी नावे असलेले २२ पत्ते येतात. उरलेल्या ५६ पत्त्यांना ‘मायनर आर्काना’ म्हणतात. ते दंड, चषक, तलवारी आणि नाणी अशा चार रंगांत विभागलेले असून प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आणि सेवक, सरदार, राणी व राजा असे चार, मिळून १४ पत्ते असतात. नेहमीच्या ५२ पत्त्यांच्या जोडाशी असलेले साम्य योगायोगाचे नाही, कारण टॅरो मुळात पत्त्यांचा खेळच होता.

खेळापासून भविष्यकथनापर्यंत

खेळण्याचे पत्ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तमधील मामलुक राजवटीकडून युरोपात पोचले. पंधराव्या शतकात उत्तर इटलीमध्ये त्यांना चित्रांचे आणखी पत्ते जोडण्यात आले. हे वाढीव पत्ते म्हणजे कायमचे हुकूम होते; इतर कोणत्याही पत्त्यावर ते हात जिंकत. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या सरदार घराण्यांसाठी रंगविलेले सोनेरी पत्ते आजही पाहायला मिळतात. त्यांतील हुकमांवर नाव नाही आणि आकडाही नाही.

पुढील सुमारे तीनशे वर्षे टॅरो प्रामुख्याने खेळलाच गेला. १७८१ साली फ्रेंच लेखक आंत्वान कूर द जेबलँ याने हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तमधील पुरोहितांचा गुप्त ग्रंथ असल्याचे मांडले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाही वाचता येत नव्हती. शाँपोल्याँने तिचा उलगडा केला तो १८२२ मध्ये. म्हणजे हा दावा तपासण्याचे साधनच उपलब्ध नव्हते, आणि कदाचित म्हणूनच तो इतका टिकला. त्याच सुमारास पॅरिसमध्ये एत्तेला या नावाने लिहिणाऱ्या झाँ-बातिस्त आलियेत याने टॅरोवरून भविष्य सांगण्याची पद्धत छापून प्रसिद्ध केली आणि खास त्यासाठी स्वतःचा संचही काढला. एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्ही याने २२ पत्त्यांची सांगड हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांशी घातली. या साऱ्या परंपरेत अर्थ ग्रंथात होता आणि शिकणाऱ्याचे काम तो लक्षात ठेवण्याचे होते.

पामेला कोलमन स्मिथ यांची चित्रे

जुन्या फ्रेंच संचात, ज्याला मार्सेय टॅरो म्हणतात, आकड्यांच्या पत्त्यांवर प्रसंग नसतो. नेहमीच्या जोडातील बदाम सत्तीवर जशी केवळ सात बदामे असतात, तसे तेथील ‘पाच चषक’ या पत्त्यावर फक्त पाच चषक मांडलेले असतात. अशा पत्त्याकडे कितीही वेळ पाहिले तरी नवशिक्याला त्यात गोष्ट दिसत नाही. अर्थ पाठ असावा लागतो किंवा आकड्यांचे एखादे शास्त्र माहीत असावे लागते.

ही अडचण डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर आणि सन या प्रकाशनाने काढलेल्या संचाने दूर केली. त्याची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची होती. १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढवादी मंडळाशी दोघांचाही संबंध होता. रंगभूमीसाठी काम केलेल्या आणि संगीत ऐकताना दिसणारी दृश्ये कागदावर उतरवणाऱ्या स्मिथ यांनी छप्पनही लहान पत्त्यांवर माणसे, प्रसंग आणि निसर्ग आणला. पाच चषकांच्या पत्त्यावर काळा झगा पांघरलेली आकृती मान खाली घालून उभी आहे. समोर तीन चषक सांडले आहेत, पाठीमागे दोन उभे आहेत, पलीकडे नदी, पूल आणि वास्तू दिसते. हे चित्र पाहून काही सुचण्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही.

प्रसंगचित्रे असलेले लहान पत्ते याआधी अगदीच नव्हते असे नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या ‘सोला बुस्का’ या इटालियन संचात ती आढळतात. त्याची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती आणि तीन तलवारींनी विद्ध झालेल्या हृदयाचे स्मिथ यांचे चित्र तेथील चित्राशी स्पष्ट साम्य दाखवते. तथापि लोकांच्या हाती पोचला तो स्मिथ यांचाच संच. या कामाचा मोबदला फारच थोडा मिळाल्याचे त्यांनी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात म्हटले होते. १९५१ साली इंग्लंडमधील ब्यूड येथे त्यांचे हलाखीत निधन झाले. संच दीर्घकाळ ‘रायडर-वेट’ याच नावाने ओळखला गेला. त्यात स्मिथ यांचे नाव जोडण्याची प्रथा अलीकडची आहे.

शिकण्याची पद्धत

१९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईडन ग्रे यांच्या पुस्तकाने टॅरो गूढवादी मंडळांबाहेरच्या वाचकांपर्यंत नेला. रेचल पोलॅक यांच्या १९८० च्या आणि मेरी के. ग्रीर यांच्या १९८४ च्या ग्रंथांनी पत्त्यांकडे आत्मपरीक्षणाचे साधन म्हणून पाहण्याची दिशा दिली. या विचारावर कार्ल युंग यांच्या मानसशास्त्राची छाप आहे.

शिकताना प्रथम एकच पत्ता घेतला जातो आणि अर्थ न सांगता त्याचे केवळ वर्णन केले जाते: चित्रात कोण आहे, ते कोठे पाहत आहे, हातात काय आहे, आकाश कसे आहे. हा टप्पा दिसतो तितका सोपा नाही. ‘मृत्यू’ हा पत्ता निघाला की बहुतेकांची नजर पांढऱ्या घोड्यावरील सांगाड्यावर खिळते. घोड्यासमोरचे मूल आणि मागे दोन मनोऱ्यांमधला सूर्य नंतर दिसतो, किंवा दिसतच नाही. वर्णनानंतर चित्राने कोणती भावना जागी झाली याची नोंद होते, मग ती प्रश्नाशी जोडली जाते आणि पुस्तकातील अर्थ सर्वांत शेवटी पाहिला जातो.

समजा, नोकरी सोडावी का, असा प्रश्न आहे आणि पत्ता पाच चषकांचा निघाला. एकाला सांडलेले चषक दिसतील आणि तो नुकसानीबद्दल बोलेल. दुसऱ्याची नजर पुलावर जाईल. तिसरा विचारील की आकृती मागे वळून का पाहत नाही. तिघांचे बोलणे चित्राशी सुसंगत आहे, परंतु त्यांतून निघणारे सल्ले एकमेकांपासून फार दूर आहेत. येथे मांडणीचा उपयोग होतो. तीन पत्त्यांच्या मांडणीत भूतकाळ, वर्तमान व पुढील वाटचाल अशा जागा आधीच ठरवतात. वेट यांच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेल्या दहा पत्त्यांच्या ‘केल्टिक क्रॉस’ मांडणीतही प्रत्येक जागेला स्वतंत्र अर्थ आहे. पत्त्याने काय म्हणायचे यावर जागेची मर्यादा पडते, म्हणून अंतःप्रज्ञेवर भर देणारेही जागा आधी ठरवण्याचा आग्रह धरतात.

महाराष्ट्रात रस्त्याकडेला बसणाऱ्या पोपटवाल्या ज्योतिषाच्या पद्धतीशी तुलना केल्यास फरक लक्षात येतो. तेथे पोपट पत्ता किंवा चिठ्ठी उचलतो आणि भविष्य बहुधा आधीच लिहिलेले असते. निवड दोन्हीकडे योगायोगाचीच असते. अर्थ लावण्याचा वाव मात्र टॅरोत कितीतरी अधिक.

अंतःप्रज्ञा कितपत विश्वासार्ह?

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप अंतःप्रज्ञेच्या अस्तित्वाबद्दल नाही, ती कशाने घडते याबद्दल आहे. डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांची अंतःप्रज्ञेविषयीची मते एकमेकांच्या विरोधात समजली जात. २००९ साली त्यांनी संयुक्त लेख लिहून अनुभवी माणसाचे ‘आतून वाटणे’ केव्हा भरवशाचे ठरते याच्या दोन अटी मांडल्या: परिसरात नियमितता असली पाहिजे, आणि अंदाज बरोबर होता की चूक हे कळून त्यातून शिकण्याची पुरेशी संधी मिळाली पाहिजे. बुद्धिबळपटू आणि अग्निशमन दलाचे अधिकारी या अटी पूर्ण करतात. पिसलेल्या पत्त्यांचा पुढील घटनांशी नियमित संबंध नसल्याने टॅरोत पहिलीच अट मोडते.

दुसरी अट वेगळ्याच रीतीने मोडते. अंदाज खरा ठरला का हे कळायला महिने लागतात. समोरच्या माणसाने मान डोलावली का हे मात्र लगेच कळते. त्यामुळे वर्षानुवर्षे सराव करणाऱ्याची जी अंतःप्रज्ञा खरोखर तीक्ष्ण होते ती पत्त्यांची नसून चेहऱ्यांची असण्याची शक्यता मोठी आहे. आवाजातील बदल, कपडे, वय, प्रश्नाची शब्दयोजना यांवरून नकळत अंदाज बांधण्याच्या या कौशल्याला ‘कोल्ड रीडिंग’ म्हणतात. ते लबाडीनेच होते असे नाही. मानसशास्त्रज्ञ रे हायमन तरुणपणी हस्तरेषा पाहत आणि त्यांवर त्यांचा विश्वासही होता. एका परिचिताच्या सूचनेवरून त्यांनी रेषांच्या अर्थाच्या नेमके उलट सांगून पाहिले, तरी ऐकणारे तितकेच समाधानी राहिले.

ऐकणाऱ्याची बाजू बर्ट्रम फोरर यांच्या १९४८ मधील प्रयोगाने उघड केली. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे ‘वैयक्तिक’ वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सर्वांना दिलेला मजकूर एकच होता आणि तो भविष्याच्या एका पुस्तकातून घेतलेला होता.

हे आक्षेप मान्य करूनही पत्त्यांचा वापर करणारे काहीजण आहेत. त्यांच्या मते पत्ता उत्तर देत नाही. ज्या गोष्टीचा विचार टाळला जात होता तिच्यासमोर तो माणसाला उभे करतो. या भूमिकेत भाकीत खरे ठरण्याचा प्रश्न उरत नाही, मात्र सल्ल्याच्या परिणामांचा उरतो. आजारपण किंवा खटला यांसारख्या बाबतीत पत्त्यांवरून निर्णय घेतल्यास डॉक्टर वा वकिलाकडे जाण्यास उशीर होऊ शकतो. स्वतःची परीक्षा घेऊ पाहणाऱ्यासाठी दिनांकासह लिहिलेली वही हे साधन उपयुक्त ठरते. काढलेला पत्ता आणि त्यावरून वाटलेली गोष्ट घटना घडण्यापूर्वी, नेमक्या शब्दांत लिहायची आणि पुढे फसलेले अंदाजही तितक्याच काळजीने मोजायचे. घटनेनंतर आठवणीतून केलेल्या नोंदीत फसलेले अंदाज सहसा गळतात.

साहित्यात

टी. एस. एलियट यांच्या १९२२ मधील ‘द वेस्ट लँड’ या काव्यात मादाम सोसोस्ट्रिस ही पत्ते वाचणारी स्त्री येते. संचाची नेमकी रचना आपल्याला ठाऊक नसल्याचे एलियट यांनी टिपांत नमूद केले आहे. इटालो काल्व्हिनो यांच्या १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द कॅसल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज’ या पुस्तकात वाचा गमावलेले प्रवासी टॅरोचे पत्ते मांडून आपापली कहाणी सांगतात. पहिल्या भागात व्हिस्कोंती-स्फोर्झा, तर दुसऱ्यात मार्सेय संच वापरला आहे. टेबलावर मांडलेले तेच पत्ते दुसरा प्रवासी वेगळ्या दिशेने वाचतो आणि त्याच पत्त्याचा अर्थ त्याच्या कहाणीत बदलतो.