22 अंशांचा गारठा

सिंगापुरात योगवर्गाला लोक मोजे घालून येतात, हे कळल्यावर मला तिथल्या बुकित पंजांग भागातल्या अशा एका वर्गाला गेल्यावाचून राहवेना. डिसेंबर-जानेवारीत ईशान्य मोसमी वारे जोरात असले की इथं दिवसदिवस पाऊस थांबत नाही आणि पारा 22 च्या आसपास येतो. 2018 च्या जानेवारीत तर त्याहीखाली गेला होता. पुणेकराला यात थंडी दिसणार नाही. पण तिथल्या फजार भागातल्या सरकारी घरांच्या इमारतीखाली, जिथं वर्ग भरतो, स्वेटर घातलेले एक चिनी आजोबा येईल त्याला "ट्वेंटी टू!" सांगत होते आणि ऐकणारे गंभीरपणे माना डोलवत होते. वर्षभर तिशीच्या पुढच्या दुपारी सोसणाऱ्या अंगाला ओला वारा झोंबतोच.

वर्ग साडेसातचा, कारण जानेवारीत इथं सातनंतरच उजाडतं. शिकवणाऱ्या ताई मूळच्या पुण्याच्या. आल्या आल्या त्यांनी हातात घेतलं ते फरशीपुसणं. इमारतीच्या तळमजल्याच्या या मोकळ्या जागेला, व्हॉइड डेकला, बाहेरच्या भिंती नसतात. सर आली की कडेची फरशी ओली होते. मॅट घसरली तर थंडीपेक्षा मोठं दुखणं. सगळ्यांना त्यांनी मधल्या खांबांजवळ ओढलं. मोजे बसून करायच्या हालचालींपुरतेच; उभं राहताना काढायचे.

घोटे, गुडघे, खांदे, मार्जारासन. हे इतकं सावकाश चाललं की मीच चुळबुळले. आजोबा वाकताना पुन्हा पुटपुटले, "ट्वेंटी टू." वृक्षासन खांबाला पाठ टेकून, पुढं वाकणं खुर्चीवर हात ठेवून. आसनांना खुर्चीचा आधार देणाऱ्या योगगुरू अय्यंगारांच्या पुण्यात घडलेल्या शिक्षिकेला खुर्चीची लाज कशी वाटेल? रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना श्वास कोंडायला मनाई, जोरकस कपालभातीलाही. फोटोसाठी डोक्यावर उभं राहणाऱ्यांपेक्षा मला हा वर्ग अधिक शहाणा वाटला.

मला खरी गंमत वाटली ती शवासनाआधी. सगळ्यांनी पिशव्यांतून कोरडे टीशर्ट काढले, कुणी शाल, कुणी पोरांची जॅकेटं. "थंडी आसनात नाही लागत," ताई म्हणाल्या. "घाम आलेला असतो, आपण आडवे होतो, वारा सुटतो, तेव्हा लागते." आजोबांनी मोजेही परत चढवले आणि गळ्यापर्यंत टॉवेल ओढून घेतला.

एका मराठी तरुणाला मात्र घाई होती. रथसप्तमीला 108 सूर्यनमस्कार घालायचे म्हणून तो सरावाला आला होता.

"ताई, आज पन्नास घालू?"

"सहा घाल."

सहा झाले. दम लागला होता, तरी त्यानं विचारलं, "आता?"

"आता टीशर्ट बदल."

"मला नाही लागत थंडी."

"त्यांना विचार," म्हणत ताईंनी आजोबांकडे बोट केलं. उत्तर टॉवेलखालून आलं. पोरानं टीशर्ट बदलला.