सांधे सुजले की मन का खचते?

भातलावणीचे दिवस आले की भोर-वेल्हे भागातून माझ्याकडे येणारे सांधेदुखीचे रुग्ण वाढतात. बोटांची पेरे, मनगटे, गुडघे सुजलेले; सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. ही तक्रार रुग्ण स्वतः सांगतो. दुसरी तक्रार मात्र बरोबर आलेला मुलगा हळूच सांगतो : ‘‘डॉक्टर, आईचं कशातच लक्ष लागत नाही. नीट जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, रात्रभर जागीच असते.’’ घरचे म्हणतात, दुखण्याला कंटाळली असेल. शेजारी म्हणतात, नजर लागली. या दोन तक्रारींचा एकमेकींशी थेट संबंध असू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जखम झाली किंवा जंतू शिरले की शरीराची संरक्षक यंत्रणा जागी होते. तो भाग लाल होतो, सुजतो, गरम लागतो. यालाच आपण दाह म्हणतो. काम झाले की तो शमतो. पण आमवातासारख्या आजारात ही यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि दाह महिनोन् महिने धुमसत राहतो.

हा आजार दुर्मिळ नाही. आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ साली सांध्यांच्या व स्नायूंच्या आजारांची घरोघर पाहणी सुरू झाली. चार हजारांवर प्रौढांत शेकडा १८ जणांना अशी दुखणी आढळली. आमवाताचे प्रमाण दर हजारी सुमारे ५ होते. आमवाताच्या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा दोन ते तीन पट असते, असे जगभरच्या अभ्यासांत दिसते.

दाह मेंदूपर्यंत कसा पोचतो?

दाह चालू असताना पेशी ‘सायटोकाइन’ नावाची रसायने सोडतात. यांना शरीरातले सांगावे म्हणा. रक्तातून आणि मज्जातंतूंतून हा सांगावा मेंदूला पोचतो. मग भूक मरते, अंग गळते, माणसांत बसावेसे वाटत नाही. गोठ्यातला बैल आजारी पडला की वैरण सोडतो, मान टाकून एका कोपऱ्यात उभा राहतो, ते याच कारणाने. चार दिवसांच्या तापात अशी विश्रांती उपयोगाची असते. पण दाह हटलाच नाही, तर मेंदूला रोज तोच सांगावा जातो आणि मन उभारी धरेनासे होते.

याचा मोठा पुरावा औषधोपचारातूनच मिळाला. ‘हिपॅटायटिस सी’ या काविळीवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. हे इंटरफेरॉन म्हणजे सायटोकाइनच. ते घेणाऱ्या साधारण चारांतील एकाला, आधी मन ठणठणीत असूनही, काही आठवड्यांत नैराश्य आले.

तरीही सगळे नैराश्य दाहातून येत नाही. नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रक्तातच दाहाची खूण वाढलेली आढळते. कर्ज, घरातले दुःख, दारू, आनुवंशिकता ही कारणेही असतात. म्हणून सूज कमी करणाऱ्या गोळ्या नैराश्यावरचे औषध म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

काय करावे?

आमवाताचे निदान लवकर करून घ्यावे व औषधे नियमित घ्यावीत. सूज आटोक्यात आली की अनेकांचे मनही सावरते. दुखण्यावर तात्काळ गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्या टाळाव्यात. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते आणि स्टेरॉइडने मनाचा तोल बिघडू शकतो. मात्र बरेच दिवस पुडी घेत असाल, तर ती एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावी. पुरेशी झोप, झेपेल तेवढी हालचाल आणि तंबाखू सोडणे याने दोन्ही आजारांत फायदा होतो.

उदासी, निद्रानाश, कशातही गोडी नसणे असे दोन आठवडे टिकले, तर सांध्यांबरोबर मनाचीही तक्रार डॉक्टरांना सांगावी. नैराश्यावर चांगली औषधे आहेत आणि समुपदेशनही आहे. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही, रात्री-अपरात्री, विनामूल्य सल्ला मिळतो.

‘‘आता जगून काय करायचं’’ असे कुणी बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसाला एकटे सोडू नका, फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. खचलेले मन हा काही मनाचा कमकुवतपणा नव्हे. सुजलेल्या गुडघ्याइतकाच तोही आजार आहे, आणि त्याच्याइतकाच उपचाराने आटोक्यात येणारा आहे.