बाळाचा पाळणा भरगच्च नको!

माझ्या भाचीच्या बाळाचं बारसं ताईकडे थाटात झालं. संध्याकाळपर्यंत पाळण्यात किती ऐवज जमला म्हणता? तीन दुपटी, विहीणबाईंनी साताऱ्याहून आणलेली राईची उशी, दोन्ही अंगांना छोटे लोड, एक लोकरी शाल आणि सगळ्यांच्या वर मी स्वतः शिवलेली सॅटीनची दुलई. काय कौतुक झालं हो तिचं!

चौथ्या दिवशी दुपारी भाचीचा जरा डोळा लागला होता. मी सहज पाळण्यात डोकावले, तर दुलई सरकून बाळाच्या नाकातोंडावर आलेली. चेहरा लालबुंद, जावळ घामानं भिजलेलं, आणि रडण्याचा आवाज म्हणून नाही. दुलई ओढून मी त्याला उचललं, तेव्हा कुठं त्यानं टाहो फोडला. बाळ सुखरूप आहे. पण माझे हात तासभर थरथरत होते.

मैत्रिणींनो, तान्ह्या बाळाला तोंडावरचं पांघरूण दूर करता येत नाही. मऊ गोष्टीत नाक रुतलं, तर स्वतःच सोडलेला श्वास ते पुन्हा पुन्हा आत घेत राहतं, आणि अशा वेळी ते रडेलच असं नाही. पहिले चार महिने हा धोका सर्वांत जास्त. काळजी मात्र वर्षाचं होईपर्यंत घ्यायची. म्हणून पाळण्यात दोनच गोष्टी हव्यात: घट्ट गादी आणि तिच्यावर ताणून खोचलेली सुती चादर. बस्स!

"इतक्या कडक गादीवर बाळ झोपेल कसं?" असं ताईनंही विचारलं. झोपतं, अगदी छान झोपतं. मऊपणाची हौस आपली असते! गादीवर तळहात दाबून पाच आकडे मोजा आणि हात उचला. ठसा राहिला तर ती गादी बाळाची नव्हे. कापसाची गादी ठासून भरलेली असावी. वापरून मध्ये खळगा पडला की कापूस पिंजून पुन्हा भरून घ्यावी. पिंजारी हल्ली दारावर फारसे येत नाहीत, पण गादीच्या दुकानात हे काम करून मिळतं. गादी पाळण्याच्या मापाचीच हवी. कडेला दोन बोटांहून जास्त फट राहिली तर बाळाचं तोंड त्यात अडकू शकतं. लाकडी पाळण्याच्या दोन दांड्यांमध्येही ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नसावं. मेणकापड घालायचं तर चादरीच्या खाली, चारही बाजूंनी नीट दाबून. जुन्या लुगड्याची पातळ गोधडी गादीवर अंथरायला चालेल, पण तीही खोचलेली हवी. पांघरायला मात्र नको.

आणि झोपवायचं ते उताणं. कुशीवर नाही, कारण कुशीवरून पालथं व्हायला वेळ लागत नाही. पाश्चात्त्य देशांत मध्यंतरी बरीच वर्षं मुलांना पालथं निजवण्याचा सल्ला दिला जाई. पुढे तिथल्याच डॉक्टरांनी तो मोडीत काढला. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलं.

आता राईची उशी! विहीणबाईंना वाईट वाटेल म्हणून ती काढायला कुणी धजेना. "अहो, डोकं चपटं होईल ना!" हा त्यांचा एकच धोशा. शेवटी लस टोचायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं, की वर्षापर्यंत उशी कसलीच नको. डोक्याला गोलाई यावी म्हणून बाळ जागं असताना, आपल्या डोळ्यांसमोर, त्याला रोज थोडा थोडा वेळ पालथं खेळवावं, आणि झोपवताना डोक्याची बाजू बदलत राहावी. डॉक्टरांचं म्हणणं विहीणबाईंना पटलं. आमचं पटलं नसतं, ही गोष्ट वेगळी!

थंडीचं काय? पांघरुणाऐवजी अंगात एक कपडा जास्त घाला. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका; मानेच्या मागे हात लावून पाहा. तिथं घाम असेल तर कपडे जास्त झाले आहेत. घरात झोपताना टोपडं, कुंची नको. दुपट्यात गुंडाळायचं असेल तर छातीपर्यंतच गुंडाळा, पाय मोकळे हलतील इतकं सैल ठेवा, आणि बाळ कुशीवर वळू बघायला लागलं की गुंडाळणं बंद करा. गळ्यातली साखळी, काळा दोरा झोपताना काढून ठेवा. पाळण्यावरचं चिमण्यांचं खेळणं त्याच्या हाताला लागणार नाही इतकं उंच हवं.

साडीच्या झोळीत बाळ पटकन झोपतं खरं, पण तिला पोक येऊन हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आवळते. तिथं झोपलं तर उचलून सपाट गादीवर ठेवा. रात्रीही खोली एक, पण अंथरूण वेगळं, हेच बरं. निदान पहिले सहा महिने पाळणा आईच्या हाताशी असावा, म्हणजे दूध पाजून परत ठेवायला उठाठेव पडत नाही.

ताईच्या घरी पाळणा त्याच दिवशी रिकामा केला. लोड दिवाणावर गेले, दुपटी लंगोटांच्या ढिगात. राईच्या उशीतली मोहरी विहीणबाईंनी स्वतःच्या हातानं उसवून डब्यात भरली आणि त्या आठवड्यात दोनदा फोडणीला वापरली. माझी दुलई तेवढी अजून कपाटात आहे. भाची म्हणते, "मावशी, तो शाळेत जायला लागला की देईन हं त्याला!"