सायकल : तयार की मापाची?

समजा तुमच्या घरी शर्यतीची सायकल घ्यायचे ठरले आहे. दुकानात एक तयार सायकल आहे. वजन १० किलोग्रॅम, किंमत घराला पेलण्याजोगी. दुसरीकडे एक कारागीर अंगाची मापे घेऊन सायकल बांधून देतो. ती ८ किलोग्रॅमची होईल, पण किंमत तिप्पट! तिप्पट पैसे दिले म्हणून वेग तिप्पट होणार नाही, हे उघड आहे. मग तो वाढतो तरी किती? हा प्रश्न आपण भौतिकशास्त्राला विचारू या.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा खरा शत्रू म्हणजे हवा. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना त्याची सुमारे चार-पंचमांश शक्ती हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे ताशी १५ वरून ३० किलोमीटरवर गेलात, की हवेशी झुंजायला दुप्पट नव्हे, आठपट शक्ती लागते! आणि हा रोध बहुतांशी सायकलीमुळे नव्हे, तर तुमच्या छाती, खांदे आणि डोक्यामुळे होतो. ताठ बसण्याऐवजी हँडलवर वाकलात, तर तो चौथ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक कमी होतो. यासाठी एक पैसाही पडत नाही. दोन किलोच्या फरकाला सपाटीवर फारसे महत्त्व उरत नाही, ते यामुळेच.

पण घाटात? तेथे गुरुत्वाकर्षणाशी गाठ असते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतील बोरघाट घ्या. खोपोलीहून खंडाळ्याला जाताना साधारण ५०० मीटर वर चढावे लागते. दोन किलोग्रॅम जादा वजन तेवढे वर न्यायला २ × ९.८ × ५०० = ९,८०० ज्यूल कार्य करावे लागते. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेपैकी जेमतेम चौथा भाग कामी लावतात, म्हणून अन्न लागेल सुमारे ३९,२०० ज्यूलचे. आकडा मोठा वाटतो ना? एवढी ऊर्जा साधारण अर्ध्या ग्लुकोज बिस्किटात असते!

वेळेचा हिशेबही करू. स्वार ६० किलोचा असेल, तर सायकलीसह वजन ७० किलो. त्यातले दोन किलो गेले, म्हणजे ३ टक्क्यांहून थोडे कमी. चढाला ४० मिनिटे लागत असतील, तर फार तर एक मिनिट आणि काही सेकंद वाचतील. ‘घाटाचा राजा’ होऊ पाहणाऱ्याला ते एक मिनिट सोन्यासारखे आहे. शिकवणीला जाणाऱ्याला नाही. आणखी एक गंमत : आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या शर्यतींत २००० सालापासून ६.८ किलोग्रॅमहून हलकी सायकल चालतच नाही.

शिवाय मापाची सायकल हलकी असेलच असे मुळीच नाही. वजन ठरते धातू आणि नळीच्या आकारावरून. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश घनतेचे, पण त्याचा ताठपणाही साधारण एक-तृतीयांशच. म्हणून ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या नळ्या जाड व्यासाच्या असतात. नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते, पण वाकण्याला विरोध जवळजवळ आठपट होतो. पोलादाच्या बाबतीत वेगळी युक्ती निघाली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांचा कारखाना मुळात खिळ्यांचा. त्यांनी १८९७ मध्ये टोकांशी जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. सांध्यापाशी ताण अधिक असतो आणि सांधताना उष्णताही तेथेच लागते. मग मधला धातू उगाच का वाहायचा? आज दुकानातल्या अनेक तयार सायकलींतही अशा नळ्या असतात.

मग मापाच्या सायकलीत विशेष ते काय? बसण्याची ठेवण. सीट, हँडल आणि पायडल या तीन जागा तुमच्या शरीराशी जुळल्या, तरच वाकलेली बैठक तासन्‌तास टिकते. पाठ दुखू लागली की स्वार ताठ बसतो आणि मघाशी वाचवलेली शक्ती हवेत जाते! ज्यांचे पाय लांब पण धड आखूड आहे, जे फारच उंच किंवा ठेंगणे आहेत, किंवा ज्यांचे दोन पाय समान लांबीचे नाहीत, त्यांनी कारागिराकडे जावे. पैसे वाया जाणार नाहीत. इतरांचे काम योग्य आकाराची तयार सायकल निवडून, सीट आणि हँडल वरखाली करून भागते.

तुमच्या वयाला तर आणखी एक अडचण आहे. गणवेश शिवताना आई शिंप्याला ‘वाढत्या अंगाचा शिवा’ असे सांगते आणि शिंपी शिवणीत माया ठेवतो. पोलादाच्या नळीत माया ठेवता येत नाही. वाढीच्या वयात उंची वर्षाला सात-आठ सेंटिमीटरही वाढते, तेव्हा आज नेमक्या मापाची असलेली फ्रेम दोन वर्षांत आखूड पडेल. वाढ पुरी होण्याआधी मापाची सायकल करवून घेणे मला तरी उधळपट्टी वाटते. वाचलेल्या पैशांतून चांगले टायर घ्या, हेल्मेट घ्या.

सीटची उंची मात्र आजच तपासा. अनवाणी पायांनी भिंतीला टेकून उभे राहा. दोन पायांमध्ये एक पुस्तक आडवे धरून वर, जांघेपर्यंत न्या आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मोजा. १९६७ मध्ये हॅम्ली आणि टॉमस या इंग्लंडमधील संशोधकांनी या लांबीच्या १०९ टक्के उंची सर्वांत किफायतशीर ठरवली. लांबी ७६ सेंटिमीटर आली, तर सीटच्या माथ्यापासून खाली गेलेल्या पायडलपर्यंत सुमारे ८३ सेंटिमीटर अंतर हवे. ही सुरुवात समजा. पायडल अगदी खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंशांनी वाकलेला राहिला पाहिजे. कंबर डुलत असेल, तर सीट थोडी खाली घ्या. एक पाना एवढ्या कामाला पुरतो.