खांबांवरून चालणारं यंत्र

१ सप्टेंबर २०२० रोजी ॲमस्टरडॅममध्ये विद्यापीठाजवळचा ग्रिमबुर्खवाल कालव्याचा धक्का कोसळला. कुणाला इजा झाली नाही, पण काठावरचा रस्ताच पाण्यात गेला. संपादकांनी या पडझडीवर लिहायला सांगितलं होतं. माझं मन मात्र पुढे या शहरात आलेल्या एका जपानी यंत्रात अडकलं.

इथली जमीन मऊ, दलदलीची. म्हणून जुन्या धक्क्यांच्या विटांच्या भिंती लाकडी खांबांवर तोलल्या आहेत. पाण्याखाली हवा नसल्याने लाकूड दीर्घकाळ टिकतं, तरी जिवाणू ते सावकाश पोखरतातच. बोटींच्या पंख्यांनी पायाजवळची माती वाहून जाते. शिवाय घोडागाड्यांच्या काळातल्या या काठांवरून आता ट्रक धावतात.

पाडून नवं बांधायचं, तर जागा कुठे आहे? काठावर एल्मची झाडं, मागे लाकडी खांबांवरचीच जुनी घरं, समोर माणसं राहतात त्या हाउसबोटी. घणाने खांब ठोकले तर हादरे थेट घरांच्या पायापर्यंत पोहोचणार.

जपानच्या कोची शहरातल्या गिकेन कंपनीने आवाज आणि हादरे टाळणारं असं यंत्र १९७५ साली बनवलं. आधी रोवलेले खांब ते घट्ट पकडून ठेवतं आणि त्यांच्या आधाराने पुढचा खांब हायड्रॉलिक दाबाने जमिनीत सरकवतं. मग नुकत्या रोवलेल्या खांबांवर स्वतःच चढून पुढे जातं. याच्याच एका प्रकारात पोलादी नळ गोल फिरतो आणि टोकाचे दात वाटेतलं जुनं बांधकाम कापत जातात. यंत्राला उभं राहायला रस्ता लागत नाही, स्वतःचीच ओळ पुरते. इतकी शहाणी रचना मी क्वचितच पाहिली आहे.

अडचणी तरीही डोंगराएवढ्या आहेत. लाकडी खांबांवरचे धक्के सुमारे २०० किलोमीटर. सगळेच बदलावे लागणार नाहीत, पण कुठला आधी हे ठरवायला प्रत्येकाची तपासणी हवी, त्यासाठी पाणबुडे हवेत. रस्त्याखाली गॅसच्या आणि पाण्याच्या वाहिन्या, विजेच्या तारा. झाडांची मुळं भिंतीलगत. तोवर कमकुवत धक्क्यांसमोर पोलादी पत्रे रोवून मधे वाळू भरायची, जड वाहनांना बंदी घालायची, अशी तात्पुरती डागडुजी चालते. त्या २०० किलोमीटरपैकी निम्म्या लांबीचं कायमचं काम वर्षाला २ किलोमीटर या गतीने केलं, तरी ५० वर्षं लागतील; शेवटची भिंत उभी राहीपर्यंत पहिली जुनी झालेली असेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नव्या भिंतीच्या खर्चातच तिच्या पुढच्या नियमित तपासणीचा पैसा राखून ठेवायला हवा, आणि तो दुसरीकडे वळवायला मनाई हवी.