रुग्णालय हलवताना जाब कोणी विचारायचा?

आरोग्यसेवेची पुनर्रचना हा शब्दप्रयोग कागदावर निरुपद्रवी दिसतो, परंतु प्रत्यक्षात त्याचा अर्थ बहुधा असा होतो की एखाद्या गावच्या रुग्णालयातील अपघात विभाग किंवा प्रसूतिविभाग बंद पडतो आणि तेथील रुग्णांना त्याच उपचारासाठी पुढचे शहर गाठावे लागते. असा निर्णय कधी वैद्यकीय कारणांसाठी होतो, कधी पैशाच्या ओढाताणीमुळे होतो आणि पुष्कळदा दुसरे कारण पहिल्याच्या आड उभे असते. म्हणूनच तो कोणी तपासायचा, कोणत्या टप्प्यावर तपासायचा आणि तपासणाऱ्याच्या हाती कोणता अधिकार असायचा, हे प्रश्न केवळ कारभाराचे राहत नाहीत. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे 5 जुलै 1948 रोजी सुरू झालेली, करांतून चालणारी आणि बहुतेक उपचारांसाठी रुग्णाकडून पैसे न घेणारी सरकारी व्यवस्था, अनेकदा अशा पुनर्रचनांतून गेली आहे. त्यातही इंग्लंडमधील गेल्या पाव शतकाचा अनुभव विशेष बोलका आहे.

वूस्टरशायर परगण्यातील किडरमिन्स्टर या गावच्या रुग्णालयाचा अपघात विभाग 2000 साली बंद झाला आणि तातडीच्या सेवा सुमारे 24 किलोमीटरवरील वूस्टरकडे गेल्या. तेथे खासगी भांडवलातून नवे रुग्णालय उभे राहत होते. खासगी कंपनीने इमारत बांधायची आणि सरकारी संस्थेने तिचे हप्ते पुढची काही दशके फेडायचे, अशी ही पद्धत असून आपल्याकडील ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या रस्तेबांधणीच्या पद्धतीशी तिचे नाते आहे. गावाचा संताप मतपेटीतून व्यक्त झाला. त्याच रुग्णालयात काम केलेले निवृत्त डॉक्टर रिचर्ड टेलर 2001 च्या संसदीय निवडणुकीत अपक्ष म्हणून उभे राहिले आणि सत्ताधारी मजूर पक्षाच्या एका मंत्र्याला 17,630 मतांनी हरवून निवडून आले. अपघात विभाग मात्र परत आला नाही, कारण निर्णय अमलात आल्यावर झालेला निषेध, तो कितीही मोठा असला, तरी हलवलेली यंत्रणा सहसा माघारी आणू शकत नाही.

निर्णयापूर्वीच्या तपासणीची सोय 2001 च्या कायद्याने झाली आणि 2003 पासून ती प्रत्यक्षात आली. या कायद्याने स्थानिक परिषदांच्या छाननी समित्यांना, म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांच्या, जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीची ढोबळ आठवण करून देणाऱ्या मंडळांना, आरोग्यसेवेच्या अधिकाऱ्यांना बोलावून उत्तरे मागण्याचा अधिकार मिळाला. सेवेत मोठा बदल करण्यापूर्वी या समितीशी सल्लामसलत करणे बंधनकारक झाले आणि समाधान न झाल्यास तिला ते प्रकरण थेट आरोग्यमंत्र्यांकडे पाठवता येऊ लागले. अशा वेळी मंत्र्यांना सल्ला देण्यासाठी डॉक्टर, व्यवस्थापक आणि सामान्य नागरिक यांचे एक स्वतंत्र मंडळही 2003 मध्येच नेमले गेले. समितीने विचारायचे प्रश्न साधे, पण नेमके असतात: रुग्णवाहिकेला किती वेळ लागेल, नव्या ठिकाणी पुरेशा खाटा आहेत का, भेटीला येणाऱ्या वृद्ध नातेवाइकाला संध्याकाळी परतीची बस मिळेल का.

अधिकार मिळाला म्हणजे तो नीट वापरला जातोच, असे नाही. स्टॅफर्ड येथील रुग्णालयात 2005 ते 2009 या काळात रुग्णांची जी भयंकर हेळसांड झाली, तिच्या चौकशीचा रॉबर्ट फ्रान्सिस यांचा 2013 चा अहवाल 290 शिफारशी करताना स्थानिक छाननी समित्यांनाही दोष देतो. समोर येणारी माहिती त्यांनी पुरेशी पारखून घेतली नव्हती.

दक्षिण लंडनमधील लुइशमच्या प्रकरणात मात्र स्थानिक परिषद खंबीरपणे उभी राहिली. शेजारची तीन रुग्णालये चालवणारी संस्था आठवड्याला दहा लाख पौंडांहून अधिक तोट्यात गेल्याने 2012 मध्ये तिच्यावर विशेष प्रशासक नेमला गेला. त्याने केलेल्या शिफारशींपैकी एक अशी होती की त्या संस्थेत नसलेल्या, स्वतःचा कारभार बरा चालवणाऱ्या लुइशम रुग्णालयाच्याच सेवा कमी कराव्यात. लोकांचे म्हणणे ऐकण्यासाठी कामकाजाचे अवघे 30 दिवस ठेवले होते. आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी जानेवारी 2013 मध्ये थोड्या फेरफारांसह ही शिफारस स्वीकारली. अपघात विभाग लहान व्हायचा होता आणि विशेषज्ञ डॉक्टरांच्या प्रसूतिविभागाऐवजी सुईणींनी चालवलेले केंद्र राहायचे होते. हजारो लोक रस्त्यावर उतरले, परिषद आणि नागरिकांची मोहीम न्यायालयात गेली आणि ज्या संस्थेवर प्रशासक नेमला त्या संस्थेपुरताच त्याचा अधिकार असल्याने मंत्र्यांचा निर्णय कायद्याबाहेरचा आहे, असा निकाल उच्च न्यायालयाने 31 जुलै 2013 रोजी दिला. तो ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयातही टिकला. सरकारने 2014 च्या कायद्याने प्रशासकांचे अधिकार शेजारच्या रुग्णालयांपर्यंत वाढवले. न्यायालयात हरलेली बाजू कायदा बदलून सावरण्याची ही रीत योग्य म्हणता येणार नाही.

यावरून रुग्णालयातील सेवा हलवणे हेच वाईट, असा निष्कर्ष काढणे रुग्णांवरच अन्याय करणारे ठरेल. मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याने किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने येणाऱ्या पक्षाघाताचे लंडनमधील रुग्ण 2010 पूर्वी सुमारे 30 रुग्णालयांत विखुरले जात. त्या वर्षी पहिल्या काही तासांचे तातडीचे उपचार आठ विशेष केंद्रांत एकवटण्यात आले. जवळचे रुग्णालय ओलांडून जावे लागले तरी तज्ज्ञ, तपासणीयंत्र आणि गुठळी विरघळवणारे औषध ही तिन्ही अहोरात्र एका जागी मिळू लागली, आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वर्षाला सुमारे 96 जीव वाचले. त्याच सुमारास मँचेस्टरने केवळ लवकर पोहोचू शकणाऱ्या रुग्णांसाठी अर्धवट केंद्रीकरण केले, तेव्हा मृत्युदरात देशातील सर्वसाधारण सुधारणेपलीकडे फरक आढळला नाही. दुसऱ्या बाजूला, गंभीर रुग्णांविषयीचा 2007 चा एक अभ्यास रुग्णालयाचे अंतर 10 किलोमीटरने वाढले की मृत्यूचे प्रमाण सुमारे एक टक्का-बिंदूने वाढते असे दाखवतो, तर पाच अपघात विभाग बंद झाल्यावर त्या भागांतील मृत्यू वाढल्याचा खात्रीलायक पुरावा 2018 च्या अभ्यासाला सापडला नाही. आजार कोणता, अंतर किती आणि पलीकडे तयारी किती, यांवर उत्तर बदलते. म्हणूनच प्रत्येक प्रस्ताव स्वतंत्रपणे, त्या भागाची माहिती असलेल्या लोकांनी तपासणे अटळ आहे.

नेमकी हीच तपासणी आता दुबळी झाली आहे. 2022 च्या कायद्यातील तरतुदी 31 जानेवारी 2024 रोजी लागू झाल्या तेव्हा प्रकरण मंत्र्यांकडे पाठवण्याचा परिषदांचा अधिकार संपला. आता कोणीही मंत्र्यांना हस्तक्षेपाची विनंती करू शकतो, परंतु ती ऐकायची की नाही हे मंत्रीच ठरवतात, आणि ज्यांच्या हाती खर्च आवरण्याची जबाबदारी आहे त्यांच्याच हाती तक्रारीचे दार उघडण्याची किल्ली राहते. छाननी समित्या अधिकाऱ्यांना आजही बोलावू शकतात, संध्याकाळच्या त्या बसविषयी विचारू शकतात. मात्र समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर ते प्रकरण स्वतःच्या हक्काने पुढे नेण्याची वाट त्यांना उरलेली नाही.