बुजरी घोडी ठाणावर येताना

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून जनावरं येतात. गिऱ्हाईक दात बघतं, भोवरे बघतं, चाल बघतं. घोडी किती बुजरी आहे, हे मात्र तिथे कळत नाही. ढोल, धूळ, अनोळखी घोड्यांची गर्दी यात काही जनावरं भीतीने जागीच थिजतात, आणि घेणाऱ्याला ती शांत वाटतात. खरा स्वभाव घरी आल्यावर दिसतो.

आमच्याकडे आलेली तरुण कुमेद मारवाडी घोडी तबेल्याच्या दारातच अडली. मान उंच, टोकाला टोक भिडणारे ते कमानदार कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या. मागून हाकायला दोघं-तिघं सरसावले, त्यांना थांबवलं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत अंधार. उजेडातून अंधारात आल्यावर घोड्याचे डोळे सरावायला माणसापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. तिला उंबऱ्याशी उभं राहू दिलं. दोर सैल ठेवला. तिने खाली मान घालून जमीन हुंगली, फुरफुरली आणि आपणहून आत आली.

घोडा बुजला की लोक त्याला खोडकर ठरवतात, हे मला अजिबात पटत नाही. त्याला मान न वळवता जवळजवळ साडेतीनशे अंशांत दिसतं. झाकलेलं राहतं ते कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीमागचं. माणूस नेमका समोरून तोंडाकडे हात नेतो, नाहीतर मागून जातो, आणि लाथ बसली की दोष घोडीला देतो.

पहिले काही दिवस खोगिराचं नावही काढलं नाही. चारा, पाणी, झाडलोट रोज ठरल्या वेळी, त्याच माणसाच्या हातून. विकणाऱ्याकडूनच त्याचा भुसा आणि हरभरा थोडा मागून आणला होता. दाणा एकदम बदलला तर पोटशूळ उठू शकतो, आणि घोड्याला ओकता येत नाही. नवा चारा 7 ते 10 दिवसांत हळूहळू वाढवायचा. घाबरलेलं जनावर पाणी कमी पितं, म्हणून बादली मोजून भरायची. मोठ्या घोड्याला दिवसाला साधारण 25 ते 40 लिटर लागतं. पोटाकडे वळून बघणं, पाय आपटणं, लोळणं दिसलं तर पशुवैद्याला लगेच बोलवायचं. ग्लँडर्सची रक्ततपासणीही टाळू नये, तो रोग माणसालाही होतो. तपासणी होईपर्यंत आमची जुनी घोडी दूर बांधली, पण नवीला दिसेल अशी. कळपातलं जनावर एकटं पडलं की त्याची भीती वाढते.

अंगाला हात लावायचं काम सगळ्यात नाजूक. खांद्याच्या बाजूने, तिरकं, सावकाश जायचं. तिचा कान वळला, मान ताठ झाली की तिथेच थांबायचं. ती क्षणभर सैलावली की आपण एक पाऊल मागे घ्यायचं. सगळं शिक्षण त्या मागे घेतलेल्या पावलात आहे. शांत उभं राहिलं की माणूस दूर होतो, हे तिला कळतं, मग पळायची गरज उरत नाही. ती पळाल्यावर मागे हटलात, तर पळणंच शिकवलंत. पहिला हात तोंडाला लावला नाही. आयाळ संपते तिथे, मानेच्या मुळाशी खाजवलं. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्याने हृदयाचे ठोके मंदावतात. तिची मान खाली आली, ओठ हलायला लागला. त्यानंतर खरारा, मग पाय उचलणं. डावीकडून जमलं ते उजवीकडून जमेलच असं नाही. तिथे पुन्हा पहिल्यापासून.

प्लास्टिकच्या पिशवीला ती फार बुजायची. पिशवी काठीला बांधून मी तिच्यापुढे चालत राहिलो, म्हणजे पिशवी दूर जाते आणि घोडी तिच्यामागे येते. काही दिवसांनी तिनेच नाक लावलं. या काळात दोर हाताला कधीच गुंडाळायचा नाही. बांधताना कडी आणि दोर यांच्यामध्ये सुतळीचा वेढा ठेवायचा. घोडी बिथरून मागे खेचली तर सुतळी तुटते, मान वाचते.

बाजारातून घोडी आणणाऱ्यांना एवढीच विनंती : पौष-माघातल्या लग्नांच्या सुपाऱ्या तिच्या नावावर घेऊ नका. होळीपर्यंत तिला घरात रुळू द्या, वरात त्यानंतर.